आधी पायाची जखम, मग नाव

कसाऱ्याकडून आणि कर्जतकडून येणारे लोहमार्ग कल्याणला एकत्र येतात. उत्तर प्रदेश-बिहारच्या, मराठवाड्याच्या, सोलापूरकडच्या गाड्या इथे थांबतात आणि त्यांतून एकटी मुलंही उतरतात. या मुलांबरोबर काम करताना जे शिकले, ते या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी लिहिते आहे. मुलाला फलाटावरून हलवायला तासभर पुरतो. त्याने घर का सोडलं, इथपर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो.

१. नाव विचारायची घाई करू नका.

नव्या कार्यकर्त्याच्या हातात वही असते आणि पहिला प्रश्न ठरलेला, "नाव काय तुझं?" मुलाला तो पोलिसी प्रश्न वाटतो. ते तोंडाला येईल ते नाव सांगतं, आईवडील वारले म्हणून मोकळं होतं. वहीपेक्षा प्रथमोपचाराची पेटी कामाला येते. अनवाणी पायात काच गेलेली असते, जखम चिघळलेली असते. बोलायला तयार नसलेलं मूलही पाय पुढे करतं. जखम धुवावी, पट्टी बांधावी, काही विचारू नये. पट्टी बदलायला ते पुन्हा येतं आणि कधीतरी आपणहून म्हणतं, "दीदी, मेरा असली नाम दूसरा है."

२. नशेत असलेल्या मुलाला उपदेश करू नका.

व्हाइटनर किंवा पंक्चरचं सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगलं की भूक मरते, थंडी जाणवत नाही, मोठ्या पोरांनी दिलेला मार दुखत नाही. मुलाला त्या रुमालाची गरज का पडते, हे आधी समजून घ्या. जेवण, झोप आणि सुरक्षित जागा मिळाल्यावरच बोलणं सुरू करावं. सवय जुनी असेल तर डॉक्टरांची मदत लागते, ती लगेच घ्यावी.

३. गाव सापडतं ते बारक्या आठवणींतून.

लहान मुलाला जिल्हा, तालुका सांगता येत नाही. बाजार कुठल्या वारी भरतो, शेतात काय लावतात, शाळेत जाताना नदी लागते का, जत्रा कुठल्या देवाची, हे मात्र नेमकं ठाऊक असतं. कारखान्याची चिमणी, सोमवारचा बाजार आणि उसाच्या गाड्या एवढ्यावरून आम्ही एका मुलाचा तालुका शोधला. मग तिथल्या पोलीस पाटलांना एकामागून एक फोन केले आणि घर लागलं. आधार कार्ड आधी काढलेलं असेल, तर बोटांच्या ठशांवरूनही पत्ता मिळू शकतो. म्हणून मूल बोलतं तेव्हा त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. आज निरर्थक वाटलेला तपशील आठवड्याने उपयोगी पडतो.

४. कायदा माहीत असू द्या आणि तो मुलालाही समजावून सांगा.

२०१५च्या बालन्याय कायद्यानुसार असं एकटं सापडलेलं मूल २४ तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं. समितीत अध्यक्षांसह पाच जण असतात. पाच अनोळखी मोठी माणसं समोर बसलेली पाहून मूल घाबरतं. तिथे कोण असेल, काय विचारतील, तुला तुरुंगात टाकणार नाहीत, हे वाटेतच सांगावं. मुलाचा फोटो, नाव, शाळा काहीही प्रसिद्ध करायचं नाही. कलम ७४ प्रमाणे तो गुन्हा आहे. देणगीदाराला दाखवण्यासाठीसुद्धा नाही.

५. मुलगी एकटी दिसली, तर क्षणही दवडू नका.

मुलग्यांच्या बाबतीत ओळख वाढवायला सवड मिळते. एकट्या मुलीकडे आपल्याआधी दुसऱ्या कुणाचं तरी लक्ष गेलेलं असतं. "मी तिचा मामा" म्हणणारा हमखास भेटतो. कुणाच्याही तोंडी ओळखीवर तिला सोपवू नये. महिला पोलिसाला बोलवावं आणि तोवर तिच्या शेजारून उठू नये.

६. मुलाइतकंच त्याच्या घराकडे बघा.

जरीकामाच्या कारखान्यातून सुटलेला मुलगा गावी पोचला, पण बापाने मुकादमाकडून घेतलेली उचल फिटलेली नसेल, तर तो पुन्हा त्याच कारखान्यात जाणार. बाप दारू पिऊन मारत असेल, तर मूल पुढच्या गाडीने परत येणार. म्हणून घरची चौकशी मनापासून करावी. आजी, मावशी, शाळेतले गुरुजी यांच्यापैकी कोण त्याच्या बाजूने उभं राहील ते हेरून ठेवावं. एक पालक गमावलेल्या मुलाला बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये मिळू शकतात, तो अर्ज आपणच भरून द्यावा. घरी मूल सुरक्षित राहणार नसेल, तर समितीपुढे तसं स्पष्ट सांगावं. मूल घरी गेल्यावर फोन करत राहावं आणि दर वेळी थोडं त्याच्याशीही बोलावं.

७. रस्त्यावरचं प्रत्येक मूल पळालेलं नसतं.

उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या मुलांना आईबाप असतात, मायाही असते. तिथून मूल उचलून संस्थेत घालणं हा अन्याय आहे. त्यांना शाळा, अंगणवाडी, रेशनकार्ड मिळवून द्यायला हवं. जन्मदाखला नाही म्हणून शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, असं शिक्षणहक्क कायदा सांगतो. मुख्याध्यापकांकडे त्या आईसोबत स्वतः जा. तिला एकटीला पाठवलं, तर दारातूनच परतवलं जाण्याची शक्यता जास्त.

८. प्रवाशांनीही हे काम करावं.

एकटं, भेदरलेलं मूल दिसलं तर हातावर पैसे ठेवून गाडी पकडू नका. मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ क्रमांक लावा किंवा फलाटावरच्या रेल्वे पोलिसांना बोलवा. खायला द्या, शेजारी बसा आणि जबाबदार माणूस येईपर्यंत थांबा. तुमची एक लोकल चुकेल, पुढची दहा मिनिटांत मिळेल. त्या दहा मिनिटांत मुलापर्यंत आधी कोण पोहोचतं, यावर त्याचं पुढचं बरंच काही ठरतं.