थंडीच्या सकाळी अडखळणारी मोटार

हिवाळ्यात दिल्ली, चंडीगढ किंवा श्रीनगर ह्यांसारख्या शहरांत पहाटे मोटार बाहेर काढणाऱ्या पुष्कळांस एक चमत्कारिक अनुभव येतो. इंजिन सुरू होते, संथपणे चालतही राहते. परंतु वेग वाढविण्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर अडखळते, गचका खाते आणि मग एकदम पुढे झेपावते. दहा मिनिटांनी इंजिन तापले की हा दोष नाहीसा होतो. चौरस्ता ओलांडताना असा एक क्षणही जिवावर बेतू शकतो. यास्तव ह्या दोषाचे मूळ कसे शोधावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. जळते ती त्याची वाफ. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक सुमारे ३० अंश सेल्सिअसला उकळू लागतात, तर जड घटकांस २०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. १ किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. थंड इंजिनात केवळ हलक्या घटकांचीच वाफ होते. उरलेले पेट्रोल हवेच्या नळीच्या भिंतींवर पातळ थर होऊन बसते. म्हणून अशा वेळी नेहमीपेक्षा अधिक पेट्रोल पुरवावे लागते.

आता अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर काय घडते ते पाहू. थ्रॉटलची झडप उघडते व हवा तत्काळ आत धावते. त्याबरोबर नळीतील दाब वाढतो, आणि दाब वाढला की बाष्पीभवन मंदावते. म्हणजे हवा वाढली, पण वाफ त्या मानाने वाढली नाही. मिश्रण क्षणभर विरळ होते, ठिणगी पडूनही ते नीट पेटत नाही आणि गाडी अडखळते.

जुन्या अ‍ॅम्बॅसडरसारख्या कार्बुरेटरच्या गाड्यांत ही उणीव दोन साधनांनी भरून काढलेली असे. चोकची पट्टी हवा रोखून मिश्रण दाट करी, आणि अ‍ॅक्सिलरेटरला जोडलेला लहानसा पंप झडप उघडताच पेट्रोलची एक चिळकांडी सोडी. आजच्या गाड्यांत हे काम संगणक करतो. इंजिनाच्या पाण्याचे तापमान सेन्सर त्यास कळवितो आणि त्यानुसार फवाऱ्यातून सोडावयाच्या पेट्रोलचे प्रमाण ठरते. धूर जाण्याच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर सुमारे ३०० अंशांपर्यंत तापल्यावाचून नीट काम करीत नाही. तो व इंजिन दोन्ही तापली म्हणजे मिश्रणातील लहानसहान चूक संगणक आपोआप सुधारतो. दोष तापल्यावर का लपतो, ह्याचे एक कारण येथे सापडते.

तपासणी क्रमाने करावी. गाडी रात्रभर उभी ठेवावी व सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी तपासणी-यंत्र जोडून नोंदलेले दोष वाचावेत. त्याच वेळी पाण्याचे व आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हे दोन्ही आकडे बाहेरच्या तापमानाशी जवळजवळ जुळले पाहिजेत. बाहेर ६ अंश असता पाण्याचा सेन्सर ४० अंश दाखवीत असेल, तर संगणक इंजिन कोमट समजून पेट्रोल कमी देणार, हे उघड आहे. अशा वेळी सेन्सर व त्याची तार तपासावी.

आकडे जुळले, तर हवेच्या रबरी नळ्या पाहाव्यात. थंडीत रबर कडक होते आणि भेगेतून अतिरिक्त हवा आत शिरते. तापल्यावर तीच भेग कधीकधी मिटते. सूं असा आवाज व अस्थिर चाल ही तिची लक्षणे होत. त्यानंतर स्पार्क प्लगची झीज व फट, पेट्रोलचा दाब आणि गाळणी ही क्रमाने तपासावीत. ज्या इंजिनात पेट्रोल झडपेच्या पाठीवर फवारले जाते, तेथे झडपेवर साचलेली सच्छिद्र काजळी स्पंजाप्रमाणे पेट्रोल शोषून घेते. त्यामुळेही असाच दोष उद्भवतो. कार्बुरेटर असल्यास, इंजिन बंद ठेवून व हवेची गाळणी काढून थ्रॉटल हाताने उघडावा. चिळकांडी दिसली नाही, तर पंपाचा पडदा फाटला असावा किंवा त्याचा मार्ग तुंबला असावा.

दोष तापल्यावरही कायम राहिला, तर केवळ थंडीस बोल लावू नये. पेट्रोलचा पुरवठा व ठिणगी ह्यांकडे प्रथम वळावे.

दोन पथ्ये अवश्य पाळावीत. उघड्या पेट्रोलजवळ ज्योत आणू नये. तसेच बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड ह्या विषारी वायूस रंग नाही व गंधही नाही.

एका वेळी एकच भाग बदलावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावे. अनेक भाग एकदम बदलले, तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि चांगले भागही व्यर्थ टाकून दिले जातात. प्रयोगशाळेतील हाच नियम मोटारीच्या दुरुस्तीसही लागू आहे.