फितीचा वेग आणि गाण्याची पट्टी

समजा, एका गायकाने एकच गाणे दोन वेळा ध्वनिमुद्रित केले. पहिल्या वेळी संथ लयीत आणि किंचित खालच्या पट्टीत, दुसऱ्या वेळी जलद लयीत आणि वरच्या पट्टीत. आता त्याला पहिल्या मुद्रणाची सुरुवात हवी आहे आणि दुसऱ्याचा शेवट. दोन्ही तुकडे जोडून एक सलग गाणे करता येईल काय?

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. १९६६ सालच्या डिसेंबरमध्ये लंडनमधील ॲबे रोडवरच्या ई. एम. आय. स्टुडिओत तो खरोखरच उभा राहिला होता. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांच्या ‘बीटल्स’ रॉक बँडने त्याच वर्षीच्या ऑगस्टनंतर जाहीर कार्यक्रमांचे दौरे बंद केले होते आणि नव्या एल. पी.च्या कामाला सुरुवात केली होती. हीच पुढे १९६७ मध्ये ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ या नावाने निघालेली ध्वनिमुद्रिका. तिच्यासाठी म्हणून मुद्रित केलेले पहिलेच गाणे होते ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’. (ते शेवटी त्या ध्वनिमुद्रिकेत आलेच नाही, फेब्रुवारी १९६७ मध्ये स्वतंत्र तबकडीवर निघाले.) त्याचे दोन मसुदे तयार झाले. सातवा टेक शांत, मोजक्या वाद्यांचा होता. सव्विसावा जोरकस, चार ट्रंपेट आणि तीन चेलो घेतलेला. लेननला पहिल्याची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट हवा होता. पण दोन्हींची लय वेगळी आणि पट्टीही वेगळी!

हा पेच कसा सुटला हे समजण्यासाठी ध्वनिफितीचे तत्त्व पाहू. प्लॅस्टिकच्या पातळ फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर दिलेला असतो. ध्वनीचे मायक्रोफोनने विद्युतप्रवाहात रूपांतर होते. तो प्रवाह मुद्रण-हेड नावाच्या लहानशा विद्युतचुंबकातून जातो आणि हेडसमोरून सरकणाऱ्या फितीवर कमी-अधिक चुंबकत्वाच्या खुणा उमटवतो. स्टुडिओतली फीत दर सेकंदाला सुमारे ३८ सेंटीमीटर सरकत असे. म्हणजेच एक सेकंदाचा आवाज फितीवर ३८ सेंटीमीटर जागा व्यापतो. काळाचे लांबीत रूपांतर झाले! आणि लांबी म्हटली की ती मोजता येते, कापता येते, जोडताही येते.

४४० हर्ट्झचा स्वर घ्या. सेकंदात ४४० कंपने, ती ३८ सेंटीमीटरमध्ये बसलेली. म्हणून एका कंपनाला फितीवर सुमारे ०.८६ मिलिमीटर जागा मिळते. आता हीच फीत दुप्पट वेगाने वाजवली तर काय होईल? हेडसमोरून सेकंदाला ८८० कंपने जातील, म्हणजे स्वर एक सप्तक वर चढेल. त्याच वेळी गाणेही निम्म्या वेळात संपेल. कंप्रता आणि लय, दोन्ही एकाच गुणोत्तराने बदलतात. एकीला हात लावला की दुसरी हललीच. बीटल्सचे ध्वनिमुद्रण-निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी १९६५ मध्ये ‘इन माय लाइफ’ या गाण्यात याचा सुंदर उपयोग केला होता. त्यातला पियानोचा तुकडा त्यांनी फीत निम्म्या वेगाने चालवून, एक सप्तक खाली आणि संथपणे वाजवला. नेहमीच्या वेगाने ऐकताच तो योग्य पट्टीत आणि योग्य लयीत आला, पण पियानोसारखा वाटेना! कारण तारेचा आवाज विरण्याचा काळही निम्मा झाला होता. ऐकणाऱ्याला ते हार्प्सिकॉर्ड हे जुने वाद्य वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांच्या कंप्रतांचे गुणोत्तर सुमारे १.०६ असते. (बारा पट्ट्या चढल्यावर कंप्रता दुप्पट होते, म्हणून हे २ चे बारावे मूळ. गणिताच्या शिक्षकांना विचारून पडताळा घ्या.) आपल्या सोयीसाठी आकडे असे घेऊ: पहिल्या मुद्रणात षड्ज २२० हर्ट्झ आणि लय मिनिटाला १०० ठोके, दुसऱ्यात षड्ज २३३ हर्ट्झ आणि लय १०६ ठोके. दुसरी फीत ३८ ऐवजी ३५.८ सेंटीमीटर वेगाने चालवली की षड्ज २२० वर येतो आणि लय १०० वर. एकाच दुरुस्तीत दोन्ही आजार बरे!

२२ डिसेंबर १९६६ रोजी मार्टिन आणि त्यांचे तरुण ध्वनिमुद्रण-अभियंता जेफ एमरिक यांनी हेच तत्त्व वापरले. पहिल्या भागाचा वेग त्यांनी थोडा वाढवला, दुसऱ्याचा कमी केला आणि दोन्ही तुकडे जोडले. गाणे सुरू झाल्यावर साधारण एका मिनिटाने हा सांधा येतो. ठाऊक नसेल तर तो सहसा कळत नाही.

पण इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. जलद असलेले मुद्रणच वरच्या पट्टीत होते, हा निव्वळ योग होता. समजा, जलद मुद्रण खालच्या पट्टीत असते: १०६ ठोके, पण षड्ज २०८ हर्ट्झ. लय जुळवण्यासाठी वेग कमी केला असता तर षड्ज १९६ वर घसरला असता. पट्टी जुळवायला गेले असते तर लय आणखी धावली असती. तेव्हा कितीही कुशल अभियंता असता तरी त्या यंत्रावर काही करू शकला नसता.

आणखी एक किंमत मोजावी लागलीच. आपल्या घशा-तोंडातील पोकळीच्या स्वतःच्या काही अनुनाद-कंप्रता असतात. आवाजावरून माणूस ओळखू येतो तो बराचसा त्यांमुळे. फीत हळू चालवली की स्वराबरोबर याही खाली येतात. जणू गायकाची पोकळी लांब झाली. गाण्याच्या उत्तरार्धात लेननचा आवाज जड, काहीसा पेंगुळलेला वाटतो. मला तर तो त्या गाण्याला शोभतो असेच वाटते.

फीत सरळ आडवी कापली तर सांध्याशी ‘टक्’ असा आवाज येण्याचा संभव असतो, म्हणून ती तिरपी कापतात. पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर रुंदीची फीत ४५ अंशात कापली तर एका तुकड्यातून दुसऱ्यात जाणे सुमारे १/६० सेकंदात पसरते.

पुढे त्याच ध्वनिमुद्रिकेसाठी वेगाचा प्रश्न वेगळ्या रूपात आला. स्टुडिओतल्या यंत्रांच्या फितीवर चारच मार्ग असत. १० फेब्रुवारी १९६७ रोजी ‘अ डे इन द लाइफ’साठी चाळीस वादकांचा वाद्यवृंद मुद्रित करायचा होता आणि जागा नव्हती. म्हणून दोन यंत्रे एकत्र चालवायची ठरली. दोघांच्या वेगात किंचित फरक पडला तरी काही मिनिटांत गाणे आणि वाद्यवृंद यांची फारकत! तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी पहिल्या फितीच्या एका मार्गावर ५० हर्ट्झचा संकेत नोंदवला आणि तो वर्धकातून मोठा करून दुसऱ्या यंत्राच्या मोटरला पुरवला. या मोटरचा वेग मिळणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहाच्या कंप्रतेवर ठरतो. पहिली फीत मंदावली तर संकेत ५० च्या खाली जाई आणि दुसरी मोटरही तेवढीच मंदावे. मला या साऱ्या हकिकतीत ही युक्ती सर्वांत आवडते. आपल्या घरच्या विजेचीही कंप्रता तीच आहे.

आज मोबाइलवर एखादा पाठ दीडपट वेगाने ऐकला तरी शिक्षकांचा आवाज चिरका होत नाही. संगणक आवाजाचे सेकंदाच्या शतांशाएवढ्या लहान कालखंडांचे तुकडे करतो आणि काही तुकडे गाळून उरलेले एकमेकांत मिसळतो. तुकड्यातली कंपने मात्र तशीच राहतात. लय आणि पट्टी यांची गाठ अशी सुटली.

दोन्ही प्रकार स्वतः करून पाहा. ‘ऑडॅसिटी’सारख्या मोफत मिळणाऱ्या संगणक-प्रणालीत वेग बदलण्याची आणि फक्त लय बदलण्याची अशा वेगवेगळ्या सोयी असतात. पेटीचा एक स्वर पाच सेकंद मुद्रित करा. वेग ६ टक्क्यांनी वाढवून वाजवा आणि त्याच वेळी पेटीची लगतची वरची पट्टी दाबा. पेटी नीट जुळवलेली असेल तर दोन्ही स्वर जवळजवळ मिळतील; थोडा फरक असला तर आवाज मंदपणे लहान-मोठा होताना ऐकू येईल. मग पाच सेकंदांचा तो स्वर आता किती सेकंद वाजतो ते मोजा.