कुरणाच्या श्वासोच्छ्वासाचें मोजमाप

दिवसा गवत हवेंतील कर्बाम्लवायु, म्हणजे ज्यास हल्लीं कार्बन डाय-ऑक्साइड म्हणतात तो, पानांवाटे आंत घेतें आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें त्यांतील कर्बापासून आपलें अंग बनवितें. उलटपक्षीं गवताचीं पानें, मुळें व मातींतील असंख्य सूक्ष्म जंतु रात्रंदिवस श्वसन करून तोच वायु हवेस परत देतात. ह्या देण्याघेण्याची वर्षाअखेर जी बाकी उरते, तिजवर जमिनींतील सेंद्रिय अंशाची वाढ-घट पुष्कळ अंशीं अवलंबून असते. गवताळ जमिनींत कर्ब सांठविल्याबद्दल मोबदला देण्याचे करार अलीकडे जगांत होऊं लागले आहेत. तेव्हां हें मोजमाप कसें करितात व त्यांत चूक कोठें शिरते, हें जमीनमालकानें समजून घेणें अगत्याचें आहे.

पेटीची रीत

मातींत एक कडें रोवून त्यावर हवाबंद पेटी कांहीं मिनिटें ठेवितात व आंतील वायूचें प्रमाण किती वाढलें अगर घटलें तें पाहतात. पेटी पारदर्शक असल्यास देणें-घेणें वजा जातां उरणारी बाकी कळते. तीच काळ्या कापडानें झांकली म्हणजे पानांचें घेणें बंद पडून केवळ श्वसन मोजलें जातें. दोहोंच्या फरकावरून पानांनीं किती वायु घेतला तें निघतें. ही रीत स्वस्त व सुबोध आहे. तथापि पेटींत ऊष्मा वाढतो, वारा अडतो आणि जागा फार थोडी मोजली जाते. शितावरून भाताची परीक्षा होते खरी. पण भात एका हंड्यांत शिजतो, कुरणाची माती मात्र पावलोपावलीं बदलते.

मनोऱ्याची रीत

म्हणून सबंध कुरणाचें माप घेण्यास एडी कोव्हेरियन्स नांवाची पद्धति वापरतात. वाहता वारा म्हणजे लहानमोठ्या भोंवऱ्यांची रांग होय. गवताच्या वर खांबावर दोन यंत्रें बसवितात. एक ध्वनिलहरींच्या योगानें वारा वर चढतो कीं खालीं उतरतो व किती वेगानें, हें मोजतें. दुसरें अवरक्त किरणांच्या योगानें त्याच हवेंतील कर्बाम्लवायु मोजतें. हीं मापें सेकंदास दहा ते वीस वेळां घेऊन बहुधा अर्ध्या अर्ध्या तासाचा हिशेब करितात. उतरणाऱ्या झोतांत वायु अधिक व चढणाऱ्यांत कमी आढळला, तर कुरण वायु घेत आहे. उलट आढळल्यास देत आहे. शास्त्रज्ञ हा हिशेब हवेच्या बाजूनें मांडतात. म्हणून कुरणानें घेतलेला वायु ते वजा चिन्हानें दाखवितात. वाचकांनीं त्या चिन्हास तोटा समजूं नये.

ह्या रीतीचें मोठें वैगुण्य रात्रीं दिसतें. वारा पडला म्हणजे मातींतून निघालेला वायु जमिनीलगत सांचतो किंवा उताराकडे वाहून जातो व यंत्रापर्यंत पोंचतच नाहीं. श्वसन कमी नोंदलें गेल्यानें कुरण आहे त्याहून अधिक लाभाचें भासतें. याकरितां निवांत वेळचीं मापें टाकून, त्या जागीं मातीच्या उष्णमानावरून काढलेले आंकडे भरावे लागतात.

पुरा जमाखर्च

हवेचें माप बिनचूक झालें तरी तें खातेवहीचें एकच पान होय. कापून नेलेल्या गवतांतील कर्ब खर्चीं पडतो. घातलेल्या शेणखतांतील कर्ब जमेस येतो. वाळल्या गवताच्या वजनाचा सुमारें दोनपंचमांश भाग कर्बच असतो, म्हणून कापणी वगळल्यास हिशेब साफ खोटा ठरतो.

स्वित्झर्लंडांतील ओएन्सिंगेन येथें इ. स. २००१ मध्यें नांगरटीची जमीन गवताखालीं आणून तिचे दोन भाग केले. एकास खत देऊन वारंवार कापणी केली. दुसऱ्यास खत दिलें नाहीं. इ. स. २००२ ते २००४ या तीन वर्षांच्या संपूर्ण हिशेबांत खताच्या भागांत दरसाल चौरस मीटरास १४७ ग्रॅम, म्हणजे एकरीं सुमारें ५९५ किलो, कर्ब शिल्लक राहिला. बिनखताच्या भागांत ५७ ग्रॅम तूट दिसली. परंतु पहिल्या आंकड्यास अधिकउणें १३० ग्रॅमची अनिश्चितता जोडलेली होती, आणि दुसरी तूट इतक्याच मोठ्या अनिश्चिततेमुळें निश्चयानें सिद्ध झाली नाहीं. शिवाय नत्रयुक्त खतापासून नायट्रस ऑक्साइड हा दुसरा उष्णताधारक वायु निघतो. त्याचा खर्च निराळा धरावा लागतो.

तात्पर्य

कुरण अमुक टन कर्ब सांठवितें असें कोणी सांगितल्यास शेतकऱ्यानें पांच प्रश्न विचारावे. मापें किती वर्षांचीं आहेत? रात्रींचें श्वसन कसें धरलें? गवत व खत हिशेबांत आहे काय? अनिश्चितता किती? आणि आंकडा कर्बाचा कीं कर्बाम्लवायूचा? कारण १२ किलो कर्बापासून ४४ किलो वायु होतो. एकच शिल्लक वायूच्या वजनानें मांडली म्हणजे साडेतीनपटींहून अधिक दिसते. ह्या प्रश्नांचीं उत्तरें लेखी मिळाल्यावांचून करारावर सही करूं नये.