'प्रेकोस', 'अकालपक्व' आणि 'हळवा'

फ्रेंच 'प्रेकोस', इटालियन 'प्रेकोचे' आणि त्यांची स्पॅनिश व पोर्तुगीज भावंडे ही लॅटिन 'प्राएकॉक्स' या एकाच शब्दाची रूपे होत. 'प्राए' म्हणजे आधी, 'कोक्वेरे' म्हणजे शिजविणे, पिकविणे. हंगामापूर्वी पिकणाऱ्या फळाचे हे विशेषण पुढे वयाच्या मानाने जाणत्या मुलालाही लागले. या 'कोक्वेरे'चे आपल्या 'पच्' धातूशी सख्खे नाते आहे. संस्कृत 'पक्व'मध्ये शिजणे आणि पिकणे एकत्र नांदतात. 'पक्वान्न' शिजलेले असते, पक्व फळ पिकलेले. मराठीतील 'पीक' आणि 'पिकणे' याच कुळातले. बंगळूरच्या कन्नडभाषक विद्यार्थ्याला हे मुद्दाम समजावून द्यावे लागते, कारण त्याच्या भाषेत शिजणे ते 'बेयु', आणि फळाचे वा माणसाचे परिपक्व होणे ते 'मागु'.

भाषांतरकार 'प्रेकोस'साठी सहसा 'अकालपक्व' योजतात. घटकश: तो बरोबर भासतो; परंतु 'प्राए' केवळ 'आधी' एवढेच सांगतो, तर 'अकाल' या पदात दूषण आहे. अकालमृत्यू, अकाली पाऊस हे शब्द त्याच्या शेजारी उभे असतात.

मराठी शेतकऱ्यापाशी मात्र या अर्थाचा निर्दोष शब्द आहे. कोकणात भाताचे हळवे, निमगरवे आणि गरवे असे प्रकार मानतात. हळवे लवकर तयार होते, गरवे उशिरा. पाणी फार काळ न टिकणाऱ्या उंचवट्याच्या जमिनीत हळवेच हवे; ओल धरणाऱ्या सखल खाचरात गरवे शोभते. लवकर पिकणे हा येथे दोष नव्हे, जमिनीनुरूप गुण आहे. व्युत्पत्तीही पाहण्याजोगी आहे: 'गुरु'पासून 'गरवा', तर 'लघु'पासून वर्णविपर्ययाने 'हळवा'. हेमचंद्रांनी प्राकृतात 'लघुक'चे 'हलुअ' झाल्याचे नोंदविलेच आहे. रोमान्स भाषांनी हा गुण आचेवर जोखला, मराठीने वजनावर.

दुर्दैवाने हा शब्द माणसाला लावता येत नाही. 'हळवा मुलगा' म्हटले की डोळ्यांत चटकन पाणी येणारा मुलगाच समोर उभा राहतो. मग उरतो 'अकालपक्व'. त्याची कसोटी अशी घ्यावी: ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, पूर्ण झाली. प्रचलित जन्मशक 1197 धरल्यास ज्ञानेश्वर तेव्हा पंधरा वर्षांचे होते. फ्रेंच चरित्रकार त्यांना नि:संकोच 'प्रेकोस' म्हणेल. त्या वाक्याचे मराठी करताना 'अकालपक्व' लिहिण्यास माझा तरी हात धजत नाही. तेथे 'वयाआधीच जाणते' असे दोन शब्द खर्च करणेच मी पत्करीन.