हायपरव्हायझरमध्ये आधी कोण?

पांढुर्णा

सौंसर मुक्कामी चि. भाच्यास,

एक्सेप्शन हे सहसा चालू इन्स्ट्रक्शनमधून उद्भवते: शून्याने भागाकार, पेज फॉल्ट. इंटरप्ट बाहेरून येतो: टायमर, डिस्क, नेटवर्क कार्ड. दोन्ही एकाच वेळी पुढे आले, तर आधी कोणाला घ्यायचे हे प्रोसेसरच्या नियमावलीत ठरलेले असते. इंटेलच्या क्रमात रीसेट आणि मशीन चेक सर्वांत वर. मग आधीच्या इन्स्ट्रक्शनचे ट्रॅप (ती पूर्ण झाल्यावर येणारे एक्सेप्शन), त्यानंतर एनएमआय (अडवता न येणारा इंटरप्ट), नंतर साधे इंटरप्ट आणि शेवटी पुढच्या इन्स्ट्रक्शनचे फॉल्ट (ती पूर्ण होण्याआधीच येणारे एक्सेप्शन).

या क्रमामागचे कारण समजून घेणे महत्त्वाचे. मागे पडलेला फॉल्ट सोडून दिला तरी चालतो. हँडलर परतला की तीच इन्स्ट्रक्शन पुन्हा चालते आणि दोष कायम असेल तर फॉल्टही पुन्हा उद्भवतो. इंटरप्टची अशी खात्री नसते, म्हणून तो राखून ठेवावा लागतो. नागपूर–इटारसी मार्गावर मेलला वाट देण्यासाठी मालगाडी लूप लाइनवर उभी करतात. ती रद्द होत नाही, मागाहून सुटते. मागे ठेवलेला इंटरप्टही तसाच सुटला पाहिजे.

हायपरव्हायझरमध्ये, म्हणजे आभासी मशीन (गेस्ट) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हे काम अवघड होते, कारण इंटेलच्या व्हीटी-एक्स या आभासीकरणाच्या सोयीत एका व्हीएम एंट्रीत, म्हणजे गेस्टमध्ये एकदा शिरताना, त्याला एकच घटना देता येते. लिनक्समध्ये 2007 साली आलेला केव्हीएम हा हायपरव्हायझर त्यासाठी ठरावीक क्रम पाळतो. मागच्या वेळी अर्धवट पोचलेली घटना पहिली. गेस्टच्या इन्स्ट्रक्शनने आधीच उभे केलेले एक्सेप्शन दुसरे. त्यानंतर एसएमआय (सिस्टम मॅनेजमेंट इंटरप्ट), एनएमआय आणि शेवटी साधा इंटरप्ट. गेस्टने इंटरप्ट बंद ठेवले असतील, तर हायपरव्हायझर इंटरप्ट-विंडो एक्झिट मागून घेतो आणि ते उघडताच राखलेला इंटरप्ट देतो.

अर्धवट घटनेची नोंद व्हीटी-एक्सच्या आयडीटी-व्हेक्टरिंग फील्डमध्ये मिळते. खंड हायपरव्हायझरच्या कारणाने, उदाहरणार्थ ईपीटी व्हायोलेशनमुळे (हायपरव्हायझरच्या स्वतःच्या पेज टेबलातील अडथळ्यामुळे), पडला असेल तर ते कारण निस्तरून तीच घटना पुन्हा द्यायची. पेज फॉल्ट पोचवताना गेस्टचाच दुसरा पेज फॉल्ट झाला असेल तर डबल फॉल्ट द्यायचा. तोही पोचवताना तसाच दोष आला तर ट्रिपल फॉल्ट होतो. शिवाय हायपरव्हायझरने पेज फॉल्ट दिला तरी सीआर2 या रजिस्टरमध्ये फॉल्टचा पत्ता आपोआप लिहिला जात नाही. तो आधी भरावा लागतो.

या विषयात उतरणाऱ्याने इंटेलच्या नियमावलीतला प्राधान्याचा तक्ता आणि केव्हीएमच्या कोडमधला हा क्रम लावणारा भाग शेजारी ठेवून वाचावा आणि प्रत्येक बदलानंतर केव्हीएम-युनिट-टेस्ट्स चालवाव्यात. अंदाजाने लावलेला क्रम हलक्या कामात चालून जातो. भार वाढला की एखादा इंटरप्ट हरवतो, गेस्ट अडकतो आणि कारण सापडत नाही. क्रम नियमावलीवरूनच लावावा.

मामा