कामगार निरोगी, तर माग चालता

मालेगाव व भिवंडीचा यंत्रमाग कारखानदार सूत, बीम आणि वीज यांचा हिशेब पैशापैशाने ठेवतो. मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या प्रकृतीचा हिशेब मात्र त्याच्या वहीत सापडत नाही. तो ठेवला तर काय दिसते, ते आपण पाहू.

समजा, एका मागामागे दिवसाला १०० रुपये सुटतात. सहा माग सांभाळणारा विणकर दहा दिवस आजारी पडला आणि माग बंद राहिले, तर ६,००० रुपये गेले. बदली कामगार मिळाला तरी त्याचा हात त्या मागांवर बसलेला नसतो. धागे तुटतात, कापडात दोष राहतात आणि व्यापारी भाव कापतो.

हे आजार अचानक येत नाहीत. कापसाच्या धुळीने फुप्फुसांचा बिसिनोसिस हा रोग होऊ शकतो. सुट्टीनंतर कामावर आल्यावर छाती आवळल्यासारखी वाटणे, ही त्याची पहिली खूण. मालेगावात सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून हा त्रास शनिवारी जाणवतो. कामगाराला तो सुट्टीचा आळस वाटतो आणि मालकाला कामचुकारपणा! मागांचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. तो वर्षानुवर्षे कानावर पडला की गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. हवा न खेळणाऱ्या खोलीत क्षयरोगही एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

उपाय मालकाच्या हातातले आहेत. धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा. नाकाला मास्क आणि कानाला इअर प्लग द्यावेत व ते वापरले जातात का, हे पाहावे. दोन आठवडे खोकला राहिला तर कामगाराला सरकारी दवाखान्यात पाठवावे. तेथे क्षयाची तपासणी व औषधे मोफत आहेत. उपचार चालू असताना त्याची जागा राखून ठेवावी. नोकरी जाईल या भीतीने माणूस खोकला लपवतो आणि रोग साऱ्या कारखान्यात पसरतो.

दहा वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी कामगार राज्य विमा योजना आहे. जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा वेतनाच्या ३.२५ टक्के व कामगाराचा ०.७५ टक्के आहे. म्हणजे १०,००० रुपये वेतनावर मालकाचे ३२५ रुपये. त्यात कामगारावर व कुटुंबावर उपचार होतात. वर्गणीची अट पुरी असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतनही मिळते. नोंदवहीत नावे न घालून ही वर्गणी वाचवणारे बंधू आपल्यात कमी नाहीत. पण मग आजारी कामगार मालकाकडेच उचल मागतो, किंवा काम सोडून गावी जातो. दोन्हींत तोटा मालकाचाच.

हाताखालची माणसे आपले भाऊ आहेत, त्यांच्यावर झेपणार नाही एवढे ओझे टाकू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण जुमाच्या खुतब्यात ऐकतो. शनिवारी माग सुरू होतात, तेव्हाही ती आठवली पाहिजे. आमची विनंती एवढीच की, येत्या शनिवारी प्रत्येक कामगाराला विचारा, ‘छाती भरून येते का?’ या विचारण्याला पैसा लागत नाही.