स्वॅप भरला? रॅम वाढवण्याआधी एवढं तपासा

लिनक्स सर्व्हरचा स्वॅप भरलाय, पण 'टॉप'मध्ये एवढी मोठी प्रोसेस दिसतच नाही. अशा वेळी मोठा क्लाउड प्लॅन घेतला, तर जादा भाडं दर महिन्याला. तपासणी फुकट आहे. लागतो फक्त सुडोचा अधिकार; त्याशिवाय इतर युजरच्या प्रोसेसचा पूर्ण तपशील मिळत नाही.

आधी 'व्हीएमस्टॅट १' चालवून मिनिटभर 'एसआय' आणि 'एसओ' हे रकाने बघा. दोन्ही शून्याच्या आसपास? मग जुनाच डेटा स्वॅपमध्ये नुसता पडून आहे. घाई नको. आकडे सतत हलत असतील तर मात्र पुढचं आजच करा.

'/प्रॉक'मध्ये प्रत्येक प्रोसेसच्या 'स्टेटस' फाइलीत 'व्हीएमस्वॅप' ही ओळ असते. सगळ्यांची बेरीज करा. वापरलेल्या स्वॅपपेक्षा ती बरीच कमी भरली, तर खरी गोम इथेच आहे: या ओळीत शेअर्ड मेमरीचा स्वॅप धरतच नाहीत. 'फ्री'मधल्या 'शेअर्ड' रकान्यावरही विसंबू नका. स्वॅपमध्ये गेलेला भाग त्यातून वजा होतो.

टीएमपीएफएस, म्हणजे मेमरीत राहणाऱ्या फाइलसिस्टिममधल्या फाइलीही शेअर्ड मेमरीतच धरतात, म्हणून 'डीएफ -एच -टी टीएमपीएफएस' चालवा. '/डेव्ह/एसएचएम'ची मर्यादा सहसा रॅमच्या निम्मी असते. डेबियन १३ पासून '/टीएमपी'सुद्धा डीफॉल्टने मेमरीतच राहतं, म्हणजे तिथे 'तात्पुरता' टाकलेला बॅकअप थेट रॅम खातो. फाइल पुसूनही जागा सुटली नाही? 'एलएसओएफ +एल१' बघा. पुसलेली पण अजून उघडी फाइल कोणाच्या हातात आहे ते कळेल. ती सर्व्हिस रीस्टार्ट करा.

उरलं 'आयपीसीएस -एम'. 'एनअटॅच' शून्य असलेले शेअर्ड मेमरीचे सेगमेंट बेवारस असू शकतात, पण काही प्रोग्रॅम पुन्हा येऊन जोडले जातात. 'आयपीसीएस -एम -पी'ने ते कोणी बनवले ते बघा, मगच 'आयपीसीआरएम'ने काढा.

आता शॉर्टकट. 'ड्रॉप कॅशेस'ने टीएमपीएफएसमधला डेटा हलत नाही, उलट उपयोगी कॅश जाते आणि डिस्कवर ताण येतो. 'स्वॅपऑफ' करायचंच असेल, तर 'फ्री'मधला 'अव्हेलेबल' आकडा वापरलेल्या स्वॅपपेक्षा भरपूर मोठा हवा. नाहीतर कर्नल एखादी प्रोसेस मारू शकेल, आणि ती तुमचा डेटाबेसही असू शकते. डिस्क संथ असेल तर वेळही बराच जातो, म्हणून हे काम गर्दीच्या वेळी काढू नका.